उंबऱ्याबाहेरचं आइस्क्रीम

चांगल्या आइस्क्रीमची पहिली खूण गारवा नव्हे, वजन. चमचा आत शिरताना किंचित विरोध जाणवतो. जिभेवर ठेवलेला घास लगेच पाणी होत नाही. आधी तो स्वतःची जागा करतो, मग कडांनी सैल होत जातो, आणि गिळून झाल्यावर टाळूमागे व्हॅनिलाच्या शेंगेचा वास रेंगाळतो, ओल्या लाकडाचा आणि कुठल्याशा पांढऱ्या फुलाचा एकत्र. हे सारं मला तिशी उलटल्यावर कळलं. तोवर आइस्क्रीम म्हणजे लग्नाच्या पंगतीत कागदात गुंडाळून येणारी, दातांत कळ उठवणारी गुलाबी वडी, एवढीच माझी समजूत होती.

पनवेलला तळ्याजवळच्या एका इमारतीत आम्ही राहत होतो: सासूबाई, नवरा आणि मी. मी कॉलेजात कविता शिकवत असे. नवऱ्याची नोकरी मुंबईत, त्यामुळे त्याला पनवेल फक्त दिव्यांच्या उजेडात ओळखीचं होतं. पगार झाला की मी वाशीच्या मॉलमधल्या एका दुकानातून आइस्क्रीमचा एक डबा आणत असे. एकच, पुठ्ठ्याचा, गोल, दोन्ही तळव्यांत मावेल एवढा. त्या किमतीत काय काय आलं असतं, याचा विचार मी दुकानाच्या पायरीशीच सोडून येत असे. दुकानातला माणूस डब्याभोवती ड्राय आइस घालून देई. बसमध्ये पिशवी मांडीवर घेतली की साडीतून गारवा गुडघ्यांत उतरे, आणि कळंबोलीला वाहनांच्या गर्दीत बस अडकली की पिशवीतल्या त्या लहानशा हिवाळ्यासाठी माझा जीव आक्रसून जाई.

पहिला डबा घरी आणला तेव्हा आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तो हातात घेऊन चष्मा लावला. वेष्टनांवरचे ठिपके तपासणं हे त्यांचं व्रतच होतं. हिरवा ठिपका शाकाहाराचा, तपकिरी त्या पलीकडच्या सगळ्याचा. बिस्किटांचा पुडासुद्धा हिरवा ठिपका दिसेपर्यंत त्या हातात फिरवत राहत. मी मात्र ठिपका पाहिलाच नव्हता. असं दाट आइस्क्रीम अंड्याच्या बलकात शिजवलेलं असतं, त्या रेशमाचं मूळ तिथे आहे, हेही मला तोवर ठाऊक नव्हतं.

"तपकिरी आहे," त्या म्हणाल्या. आवाज जराही चढला नाही. डबा त्यांनी गॅलरीच्या कठड्यावर नेऊन ठेवला आणि हात धुतले.

"आई, शिजवलेलं असतं ते. कळतसुद्धा नाही."

"मी तुला खाऊ नको म्हटलं का? शिकलेली आहेस, कमावती आहेस, काय हवं ते खा. पण उंबऱ्याबाहेर. अंडं ह्या तोंडात आजवर गेलं नाही, ह्या घरातही यायचं नाही."

डबा आता कुठे ठेवावा ह्या विचारात मी असतानाच कठड्यावरचा पुठ्ठा उन्हाने मऊ पडला आणि सायीच्या रंगाची एक धार खाली गेली. थोड्या वेळाने खालच्या मजल्यावरच्या बाई ओढणी हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांचं माहेर उरणकडचं; नवरा आखातात नोकरीला. तोवर आमची ओळख जिन्यातल्या हसण्यापुरतीच होती.

"ओ मॅडम, वरून मलई कसली पाडताय? ओढणीचं जाऊ द्या. मी बोटानं चाखली जरा. या अल्ला, काय चीज आहे ती!"

अशा आम्ही मैत्रिणी झालो. मी त्यांना भाभी म्हणू लागले. त्यांच्या स्वयंपाकघरात नवऱ्याने घेऊन दिलेली डीप फ्रीझरची लांबलचक पेटी होती. तिच्यात ईदचं गोश्त, कोळंबी, बोंबील असं सगळं पिशव्यांत गोठलेलं असे. "तुमचा फ्रीज तो बारका. माझ्याकडे ठेवा, जागाच जागा आहे," असं म्हणून त्यांनी पेटीतली वरची जाळीची टोपली माझ्या डब्याला देऊन टाकली. लोडशेडिंगच्या दुपारी आमचा फ्रीज घामाघूम होई. ती पेटी मात्र झाकण मिटून तासन्‌तास आपली थंडी राखून ठेवी.

डबा आमच्या घरात का येत नाही, हे मी भाभींना सांगितलं नाही. फ्रीज लहान होता, हेही खोटं नव्हतं. पण आमच्या घरी जे चालत नाही ते तुमच्या घरी चालेल, हे वाक्य मी मनात कसंही फिरवून पाहिलं तरी त्याची एक कड धारदारच राहत होती. कॉलेजातून येताना त्यांच्या स्वयंपाकघरात बसून दोन चमचे खायचे, एक त्यांना द्यायचा आणि वर घरी जायचं. सुक्या मासळीच्या खारट वासावर व्हॅनिलाचा वास तरंगत असे. त्या दोन वासांच्या मधोमध माझ्या दिवसाची सगळ्यात निवांत घटका होती. आईंना ठाऊक होतं. मी वर गेले की त्या मुद्दाम विचारत, "आलीस का उंबरा ओलांडून?"

मग एका वर्षी, होळीच्याही आधी ऊन तापू लागलं असताना, आईंच्या घशात गाठ निघाली.

रेडिएशनचा शेक सुरू झाला. काही आठवड्यांतच त्यांचं तोंड आतून सोलून निघालं. पेज झोंबे, ताक झोंबे, शहाळ्याचं पाणीसुद्धा टोचे. एकेक घोट घेताना त्या डोळे मिटत, पलंगाची कड धरत, आणि त्यांच्या पायांची बोटं आत वळत. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहणं सोडून दिलं होतं, कारण चेहरा त्या सावरून धरत. बोटं खोटं बोलत नसत.

"शुक्रवारी वजन बघू," डॉक्टर म्हणाले. "आणखी उतरलं असेल तर नाकातून नळी घालावी लागेल. तोवर थंड, मऊ, जे जाईल ते द्या. आइस्क्रीम द्या भरपूर."

परतताना रिक्षात त्यांनी दांडी घट्ट धरली होती. सासरे गेले ते तशीच नळी नाकात असताना. ती उपसून काढू पाहणारे त्यांचे हात शेवटचे काही दिवस आईंनीच धरून ठेवले होते.

"नळी नको," तळं दिसू लागल्यावर त्या म्हणाल्या. एवढंच.

मी हिरव्या ठिपक्याचं मिळेल ते आणलं. कप आणले, कांड्या आणल्या, मटका कुल्फी आणली. वीज जायची, आमच्या फ्रीजमध्ये सगळं सैल व्हायचं, वीज आली की पुन्हा घट्ट व्हायचं, आणि त्या वितळण्या-गोठण्यात बर्फाचे बारीक कण धरायचे. आईंनी जिभेवर ठेवलं की लगेच रुमालात काढून टाकलं. "काचा आहेत ह्यात," त्या म्हणाल्या. बुधवार उजाडला तेव्हा त्या जवळजवळ पाण्यावर होत्या.

मी कॉलेजात असताना भाभी वर येऊन त्यांच्याजवळ बसत. डॉक्टरांनी काय सांगितलं ते ऐकून त्या म्हणाल्या होत्या, "मग फिकर कसली? आपलं ते आहे ना जाळीत! रेशीम आहे नुसतं."

मी मान हलवली. "नको भाभी. ते नको."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "बरं, समजलं मला," म्हणाल्या आणि खाली गेल्या. काय समजलं, हे मी विचारलं नाही. सांगावं लागलं नाही, याचंच मला हायसं वाटलं.

बुधवारी दुपारी मी परतले तेव्हा वीज नव्हती. दार नुसतं लोटलेलं होतं. पंखे थांबलेले, घरात औषधांचा, ओल्या पंच्याचा आणि आणखी कशाचा तरी वास होता. चपला काढण्याआधीच तो मला ओळखू आला. ओलं लाकूड, पांढरं फूल.

आई उशीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर स्टीलचा एक कोरा करकरीत डबा होता, आमचा नव्हे. कितीतरी दिवसांनी चमचा त्यांनी स्वतःच्या हाताने धरला होता. त्यांनी घास घेतला, ओठ मिटले, गिळला. मी पायांकडे पाहिलं. बोटं सैल होती, झोपलेल्या मुलाच्या बोटांसारखी.

त्यांनी आणखी एक घास घेतला. डब्यातल्या सायीच्या रंगात शेंगेचे काळे कण मला दारातून दिसत होते, आणि मी उंबऱ्यावर उभी होते. गप्प राहिले तर डबा संपेल. डबा संपला तर उद्या दुसरा आणता येईल. परवा शुक्रवार. त्यांना कधीच कळणार नाही, भाभींनाही नाही. जगात एकट्या मला कळलेलं असेल. आणि ज्या बाईने जन्मभर एकेक पुडा उजेडात धरून पाहिला तिच्या तोंडात काय जातं आहे, हे तिच्याऐवजी मी ठरवलेलं असेल. त्यांनी पुन्हा चमचा बुडवला.

"आई, थांबा. त्यात अंडं आहे."

चमचा हवेतच राहिला. त्यावरून एक थेंब डब्यात परत पडला. सवयीने त्यांनी डबा उचलून चौफेर फिरवला. स्टीलवर ठिपका नव्हता. त्यांचाच वाळलेला चेहरा लांबुडका होऊन फिरत होता.

"भाभीनं दिलं," त्या म्हणाल्या.

"हो. माझंच आहे, तिच्याकडे असतं ते."

त्यांनी चमचा खाली ठेवला. पाणी मागितलं, चूळ भरली, आणि चूळ भरताना बोटं आत वळली. बाहेर कुणाच्या तरी दुकानाचा जनरेटर घुरघुरत होता.

"तिला ठाऊक होतं?"

"नाही. मी कधी सांगितलंच नाही तिला, डबा आपल्या घरात का येत नाही ते."

"का नाही सांगितलंस?"

"वाईट वाटेल तिला, म्हणून."

आईंनी डोळे माझ्यावर रोखले. आवाज गेलेला, नुसती कुजबुज उरली होती. पण कुजबुजीलाही धार येते. "तिच्या घराला उंबरा नाही का गं?"

मी मुद्द्यावर आले. "आई, औषध म्हणून चालतं. डॉक्टरच म्हणाले, जे जाईल ते द्या. परवा वजन आहे."

"औषधाला सगळं चालतं, मला नको शिकवूस. नकळत गेलं ते गेलं, त्याचं मला काही नाही. आता कळलं. आता मी गिळलं तरी ते खाली उतरायचं नाही." त्या भिंतीकडे वळल्या. "नळीचं मला माहीत आहे. तू पुन्हा सांगू नकोस."

तेवढ्यात भाभी आल्या, डोक्यावरची ओढणी सारखी करत, घाईघाईने. "नमाज पढायला गेले होते जरा. आजी, संपवलं का? दाखवा बघू!" डब्यात डोकावून त्यांचा चेहरा उजळला. "अर्धं गेलं की! बघा मॅडम, तुम्ही उगाच डरत होता. मला समजलं होतं तुम्ही नको का म्हणालात ते. आमच्या पेटीत गोश्त असतं म्हणून ना? डबा कोरा आहे हां, कालच बाजारातून आणला. मच्छी नाही, मटण नाही, कश्शाला लागला नाही. चमचापण नवा."

मी आईंकडे पाहिलं. त्या भिंतीकडेच पाहत होत्या. हे माझं काम होतं.

"भाभी, पेटीचा प्रश्न नव्हता. त्या आइस्क्रीममध्ये अंडं असतं."

"कशात?"

"ह्याच्यात. पुठ्ठ्याच्या डब्यावर तशी खूण असते, तपकिरी. म्हणून ते आमच्या घरात येत नाही."

त्यांनी हात तोंडावर नेला. "म्हणजे मी आजींना..." त्या स्टुलावर बसल्या. "तौबा, तौबा." मग हात खाली आला आणि त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरलेले नाही. "इतके दिवस माझ्याकडे ठेवलंत आणि मला बोलला नाहीत? मॅडम, पहिल्या दिवशी मी ती जाळी गरम पाण्याने धुतली होती. पोरांना दम दिला होता, वरचं पाक आहे, बामणांचं आहे, तिकडे कोळंबीची पिशवी न्यायची नाही. माझ्याच घरात मी सोवळं पाळलं, आणि कशासाठी? अंड्यासाठी!"

पलंगावरून एक विचित्र आवाज आला. मी धावले, वाटलं, घास अडकला. आई गळ्यावर हात दाबून हसत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अगं, हसवू नकोस... दुखतं."

"तुम्हाला हसू येतंय आजी, मला रडू येतंय," भाभी म्हणाल्या, आणि खरंच त्यांचा आवाज फुटला.

"रडू नकोस. इतक्या दिवसांत काही घशाखाली गेलं ते तुझ्या डब्यातलं." दम घ्यायला त्या थांबल्या. "आता तसंच, पण अंड्यावाचून करून दे. तुम्ही दोघी करा. ठेवायचं तुझ्याच जाळीत. धुतलेली आहे ना?"

आपटा गावाहून येणाऱ्या गवळ्याकडून गुरुवारी सकाळी मी म्हशीचं जादा दूध घेतलं आणि कॉलेजला रजा टाकली. भाभींच्या गॅसवर दूध आटवायला ठेवलं. साय धरू द्यायची नव्हती, गुठळी होऊ द्यायची नव्हती. मी ढवळत राहिले. साखर बेताची, थोडं कॉर्नफ्लॉवर, वरून क्रीम. वेलची नाही, केशर नाही. झोंबेल असं काहीच नाही. भाभी कामापुरतं बोलत होत्या. "ढवळा." "गॅस बारीक करा." "झाकण लावा लवकर, थंडी जाते."

पेटीत ठेवलेलं मिश्रण दुपारपर्यंत घट्ट झालं. मी बोटावर घेऊन जीभ आणि टाळू यांच्यामध्ये दाबलं. करकरलं. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं; माझ्या लाडावलेल्या जिभेला मात्र एकेक कण वेगळा मोजता आला असता.

"खडे आहेत," भाभी चाखून म्हणाल्या.

आम्ही ते वितळवून पुन्हा गाळलं, आणि गाळत असतानाच वीज गेली. पेटीचा हुंकार थांबला. आता पेटीत ठेवून दर थोड्या वेळाने ढवळायचं तर झाकण उघडावं लागणार, आणि दर वेळी थंडी बाहेर पडणार.

भाभींनी बादली ओढली. मासळीसाठी दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत गोठवून ठेवलेले बर्फाचे गोळे एकदाच पेटी उघडून काढले, वरवंट्याने फोडले, वर जाडं मीठ ओतलं. आईंच्या कपाटातला स्टीलचा डबा मी वरून आणला होता. तो घट्ट बंद करून आम्ही बादलीत रोवला आणि हातांनी फिरवायला लागलो. आधी मी, मग त्या, मग मी. थोडं फिरवायचं, झाकण पुसून उघडायचं, कडेचं खरवडून आत घ्यायचं, पुन्हा फिरवायचं. खारं पाणी बोटांच्या चिरांत शिरलं. तळवे आधी दुखले, मग बधिर झाले. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता आणि मनगटांपर्यंत हात गोठत होते.

"एक विचारू?" बऱ्याच वेळाने भाभी म्हणाल्या. "ते तुमचं इतकं मऊ लागतं ते अंड्यामुळेच?"

"हो."

"मग हे तसं व्हायचं नाही."

"नाही."

"तरी फिरवा."

वीज संध्याकाळी उशिरा आली. तोवर डब्यातलं फिरेनासं झालं होतं. आम्ही ते वरच्या जाळीत ठेवलं आणि बधिर हात पदराखाली, ओढणीखाली लपवून बसलो. चाखायची हिंमत दोघींनाही झाली नाही.

शुक्रवारी सकाळी दवाखान्यात निघायच्या आधी मी वाटीत थोडं काढून आईंपुढे धरलं. भाभी दारातच थांबल्या. चमचा ओठांत गेला. मी पायांकडे पाहिलं. बोटं आत वळू लागली. तिथेच थांबली. मग एकेक करून उलगडली.

आईंनी वाटी हळूहळू संपवली. शेवटचा घास झाल्यावर जीभ टाळूवर फिरवली, जणू काहीतरी शोधलं आणि सापडलं नाही.

"बरं झालंय," त्या म्हणाल्या. मग भाभी वाटी घेऊन आत गेल्याचं पाहून माझ्याकडे झुकल्या. "पण तुझ्या त्याच्याइतकं नाही हो. वास कसला होता गं तो, मागाहून येणारा?"

"व्हॅनिलाची शेंग असते, आई."

"हं." त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "मला वाटायचं, नुसती तुझी चैन आहे."

दवाखान्यात काट्यावर त्यांना मीच धरून उभं केलं, आणि डॉक्टरांनी "हात काढा" म्हटल्यावर काढले. काटा हलत राहिला, स्थिरावला. गेल्या खेपेपेक्षा किंचित खाली होता. डॉक्टर कागदाकडे पाहत राहिले. आईंच्या बोटांनी माझा पदर पकडला होता.

"काय जातंय पोटात?"

"आइस्क्रीम," आईंनी कुजबुजून सांगितलं. "घरी केलेलं. वाटीभर."

"रोज जाईल?"

"जाईल."

"मग नळीचं पुढच्या शुक्रवारी बघू."

रिक्षात बसल्यावर त्यांनी पदर सोडला. तिथे चुरगळीची चांदणी उमटली होती. आणखी एक आठवडा हाती आला होता, आणि आणखी दूध आटवायचं होतं.

"तुझं ते अर्धं उरलेलं तिच्याकडेच आहे ना?" आईंनी विचारलं. "आज जाऊन खा. आणि तिलाही दे. एक चमचा नको, नीट दे."

त्यांना निजवून मी खाली गेले. भाभींनी पेटीचं झाकण उचललं. गार वाफ आमच्या तोंडांवर आली. वरच्या जाळीत आईंचा डबा एकटा, ऐसपैस बसला होता. माझा दिसेना.

"तुमचं खाली ठेवलंय," भाभी म्हणाल्या. कमरेत वाकून त्यांनी गोश्ताच्या आणि कोळंबीच्या पिशव्या बाजूला सारल्या आणि तळातून तो नवा डबा ओढून काढला. "आता ज्याची त्याची जागा बरोबर झाली."

डबा त्यांनी जरा जोरातच ओट्यावर ठेवला आणि माझ्यापुढे एक चमचा सरकवला. मी तो हातात घेऊन थांबले. त्या पाठ करून भांडी लावत होत्या.

"भाभी, तुमचा चमचा?"

बराच वेळ भांड्यांचाच आवाज येत राहिला. मग खण उघडल्याचं ऐकू आलं.

"सरका जरा," त्या म्हणाल्या. "दोघींना बसायचंय."

मी सरकले.